‘आपण’, ‘आम्ही’ आणि ‘म्हणे’ : ‘द ग्रुप’मधील विवाहप्रसंगाचा विचार

मेरी मॅकार्थी या अमेरिकन लेखिकेची ‘द ग्रुप’ ही कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ विवाहाने होतो आणि शेवट अंत्यविधीने. विवाह के स्ट्राँग हिचा, आणि अंत्यविधीही तिचाच. या दोन प्रसंगांमध्ये सात वर्षे जातात. 1933 च्या जूनपासून 1940 पर्यंतची. दोन्ही प्रसंगी जमणाऱ्या स्त्रियाही त्याच असतात. व्हॅसर या त्या काळी केवळ मुलींसाठी असलेल्या महाविद्यालयातून 1933 मध्ये पदवीधर झालेल्या, वसतिगृहाच्या एकाच भागात शेवटचे वर्ष एकत्र काढलेल्या आठ मैत्रिणींचा हा गट आहे. के ही त्यांच्यापैकीच एक. पदवीदान होऊन जेमतेम आठवडा लोटतो आणि न्यूयॉर्कमधील एका चर्चमध्ये ती हॅरल्ड पीटर्सन या रंगभूमीच्या व्यवसायात धडपडणाऱ्या तरुणाशी विवाह करते.

या कादंबरीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग तीन प्रश्नांभोवती फिरतो. तिच्यातील लैंगिक विषयांचा स्पष्ट उल्लेख, तिच्यातील पात्रे कोणावरून बेतली आहेत, आणि तिच्यात शिक्षित स्त्रीच्या पराभवाचे चित्र आहे की उपहास, हे ते तीन प्रश्न होत. यांपैकी दुसरा प्रश्न वाङ्मयबाह्य आहे, हे खरे. परंतु त्याला निमित्त लेखिकेनेच पुरविले होते. मॅकार्थी स्वतः व्हॅसरची 1933 ची पदवीधर. तिचा पहिला विवाह त्याच वर्षी 21 जून रोजी, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, हॅरल्ड जॉन्सरूड याच्याशी झाला. वराचे पहिले नाव देखील तिने बदलले नाही. तेव्हा जुन्या सहाध्यायिनींनी पुस्तकात स्वतःला शोधले आणि त्या दुखावल्या, यात नवल ते काय?

प्रस्तुत लेखात मात्र या प्रश्नांकडे वळावयाचे नाही. मैत्रीतला ताण ही मानसशास्त्राची बाब आहे, असे आपण सहसा गृहीत धरतो आणि मग त्याची कारणे मत्सर, वर्गभेद, पैसा यांत शोधू लागतो. ‘द ग्रुप’मध्ये ती सर्व कारणे आहेत. परंतु पहिल्या प्रकरणात प्रत्यक्ष भांडण असे एकही नाही. कोणी कोणाला टोचून बोलत नाही, कोणी रुसून निघून जात नाही. तरीही प्रकरण संपताना या मैत्रीला तडा गेलेला आहे, याविषयी वाचकाच्या मनात संशय उरत नाही. हा तडा दिसतो कोठे? माझे म्हणणे असे की तो भाषेत दिसतो. अधिक नेमके सांगावयाचे तर तो निवेदनाच्या पुरुषात आणि परोक्ष कथनाच्या रीतीत दिसतो.

हा विचार मला प्रथम सुचला तो समीक्षा वाचताना नव्हे. अनुवादाच्या एका तासाला विद्यार्थ्यांना या प्रकरणातील काही परिच्छेद मराठीत आणावयास सांगितले होते. निवेदन तृतीयपुरुषी आहे. परंतु ते कोणा एकीच्या मनातून येत नाही. गटाला काय वाटले, गटाच्या काय ध्यानात आले, अशा धाटणीने ते पुढे सरकते. एका विद्यार्थिनीने हे मनोगत प्रथमपुरुषात उतरविण्याचा प्रयत्न केला आणि ती पहिल्याच वाक्याशी अडली. तिचा प्रश्न साधा होता : “बाई, इथे ‘आपल्याला वाटलं’ लिहू की ‘आम्हांला वाटलं’?” इंग्रजीच्या अध्यापकाला हा प्रश्न पडणार नाही, कारण इंग्रजीत त्याला जागाच नाही. हिंदीतही ‘हम’ एवढेच पुरते. मराठीला मात्र, गुजरातीप्रमाणे आणि दक्षिणेकडील अनेक द्राविडी भाषांप्रमाणे, प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ऐकणाऱ्याला आत घेणारे ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’. त्या विद्यार्थिनीला निवड करणे भागच होते, आणि निवड करावयाची तर गटाचे हे मनोगत कोणाला ऐकू जात आहे, हे ठरविणे भाग होते. के ही श्रोत्यांत आहे की नाही?

येथे एक आक्षेप संभवतो. जी भेदरेषा मूळ भाषेतच नाही, ती मराठीच्या जोरावर मूळ कृतीत पाहणे कितपत युक्त आहे? आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. माझे उत्तर असे की व्याकरणात रूप नसले म्हणजे अर्थाचा भेद नसतो असे नव्हे. जो भेद एक भाषा सर्वनामाने दाखविते, तो दुसरीला वाक्याच्या रचनेने, तपशिलाच्या निवडीने, स्वराच्या चढउताराने दाखवावा लागतो. मराठीत अनुवाद करताना सर्वनामाशी जी अडचण येते, ती मूळ लेखिकेने तो भेद कोणत्या अन्य साधनांनी केला आहे, याकडे बोट दाखविते. इतक्यापुरताच हा मार्ग मला ग्राह्य वाटतो, त्यापलीकडे नाही.

आता प्रसंगच पाहू. विवाहाला दोन्हीकडचे आईबाप आलेले नाहीत. के हिचे माहेर दूर पश्चिमेकडे, सॉल्ट लेक सिटीत. वधूपक्षाच्या बाकांवर ज्यांनी बसावयाचे ते कोणीच नाही, आणि त्या जागी या मैत्रिणी बसलेल्या आहेत. ही रिकामी जागा लेखिकेने फार विचारपूर्वक निर्माण केली आहे, असे मला वाटते. मराठी वाचकाला तिचे मर्म चटकन कळावे. आपल्याकडील लग्नात मामाला काम आहे, मावशीला आहे, आत्याला आहे. करवली तर हातात कऱ्हा घेऊन वधूच्या पाठीशीच उभी असते. मैत्रिणीला मात्र नेमून दिलेले असे एकही काम नाही. ती येते, अहेर देते, उखाणा ऐकून हसते आणि पंगतीत बसते. ती लग्नात असते, पण लग्नाच्या व्याकरणात तिला विभक्ती नाही. के हिच्या मैत्रिणींवर याच्या उलट आपत्ती येते. नातलग नसल्यामुळे त्यांना नातलगांची जागा मिळते, परंतु नातलगांचा अधिकार मिळत नाही. आईबाप असते तर त्यांनी जी काळजी केली असती ती या करू लागतात. वर कसा आहे, त्याचे उत्पन्न काय, न्याहारीचे पैसे कोण देणार? आणि अधिकाराविना केलेली काळजी ही परीक्षणाचे रूप घेते, हे मानवी व्यवहारात आपण नित्य पाहतोच.

म्हणून त्या प्रकरणातील तपशिलांची रेलचेल. वधूची टोपी, वराचा वेश, समारंभातील प्रत्येक रूढीचे पालन वा उल्लंघन, नंतरच्या मेजवानीसाठी निवडलेले जुने हॉटेल, नवदांपत्य मधुचंद्रासाठी चक्क भुयारी रेल्वेने कोनी आयलंडला निघते ही गोष्ट. यांतील काहीही त्या आठजणींच्या (खरे तर आता सातजणींच्या) नजरेतून सुटत नाही. या नजरेत प्रेम नाही असे म्हणता येणार नाही. उलट, रूढी झुगारून देणारी मैत्रीण आपल्याच गटातली, याचा त्यांना अभिमान वाटतो. हा अभिमान ‘आपण’मधून बोलतो : आपल्यापैकी पहिलीचे लग्न, आपल्या तुकडीचे नवे विचार. आणि दुसऱ्याच वाक्यात तीच नजर चरकते : हे बरे दिसत नाही, हे शुभ नव्हे. हे चरकणे ‘आम्ही’मधून बोलते, आणि त्या ‘आम्ही’च्या बाहेर वेदीपुढे उभी असलेली के आहे. एकाच परिच्छेदात ती आत येते आणि बाहेर जाते. तिला स्वतःला याचा पत्ता नाही. ती आपली ‘आपण’मध्येच उभी आहे, अशा समजुतीने हसत आहे.

माझ्या मते या प्रकरणाची सारी वेदना येथे आहे.

मराठीतील ‘आपण’ची आणखी एक गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, विषयांतराचा दोष पत्करूनही. हेच सर्वनाम आपण आदरार्थी द्वितीयपुरुषासाठीही वापरतो. ‘आपण कधी आलात?’ हे परक्या, वडीलधाऱ्या किंवा अधिकारी व्यक्तीला विचारावयाचे. म्हणजे सर्वांत जवळच्या नात्याचे आणि सर्वांत दूरच्या नात्याचे सर्वनाम एकच. वसतिगृहात एकमेकींना केवळ आडनावाने ‘ए जोशी’, ‘ए पाटील’ अशा हाका मारणाऱ्या दोघी वीस वर्षांनी तिसरीच्या मुलीच्या लग्नात भेटतात, आणि एक दुसरीला ‘आपण हल्ली कुठं असता?’ असे विचारते. हा विनोद असेल, किंवा नसेल. मी स्वतः असा प्रश्न एकदा ऐकला आहे, मलाच विचारलेला; आणि तो विनोद होता की नाही, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. ‘तू’ म्हणण्याचा हक्क संपला आहे, एवढे मात्र त्यातून स्पष्ट कळले. विवाहाने बदललेले आडनाव जुन्या मैत्रिणी सहसा उच्चारीत नाहीत. पूर्वाश्रमीचे आडनाव हीच त्यांची खूण असते. अमेरिकेतील महाविद्यालयीन परिपाठही याहून फार निराळा नाही. नावापुढे पदवीचे वर्ष लिहावयाचे आणि माहेरचे नाव मध्ये जपून ठेवावयाचे, ही रीत मॅकार्थीने कादंबरीच्या अगदी पहिल्या वाक्यापासून वापरली आहे. ते वाक्य वाचताना माजी विद्यार्थिनींच्या वार्तापत्रातील निवेदन वाचल्याचा भास होतो, आणि तो भास हेतुपूर्वक आहे. जणू या विवाहाची पहिली साक्षीदार व्यक्ती नसून संस्था आहे.

वार्तापत्राचा हा स्वर मला दुसऱ्या मुद्द्याकडे नेतो. 1912 मध्ये शार्ल बाली याने ज्या कथनरीतीला स्वतंत्र नाव दिले, आणि जिला आपण मुक्त परोक्ष कथन म्हणू शकतो, ती या कादंबरीची मुख्य रीत आहे. पात्राचे शब्द, पात्राचे उद्गार, पात्राचे पूर्वग्रह हे सारे निवेदकाच्या वाक्यात मिसळून येते; ‘ती म्हणाली’, ‘तिला वाटले’ अशी कुंपणे गळून पडतात. परिणामी वाक्य कोणाचे, हे वाचकाने ओळखावयाचे. मॅकार्थी या कलेत मुरलेली होती. 1961 च्या ‘ऑन द काँट्ररी’ या लेखसंग्रहात तिने कादंबरीकाराच्या परकायाप्रवेशाविषयी, पात्राच्या आवाजात बोलण्याविषयी, विस्ताराने लिहिले आहे. त्याच संग्रहात कादंबरी आणि कुजबुज यांचे जवळचे नाते तिने मोकळेपणाने मान्य केले आहे. गावात पसरणारी वार्ता, कोणाविषयी तरी कोणीतरी सांगितलेली गोष्ट, ही कादंबरीची जन्मभूमी आहे, असा तिच्या प्रतिपादनाचा रोख आहे.

हे प्रतिपादन मराठीत एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द म्हणजे ‘म्हणे’. ‘मुलगा नाटकात आहे म्हणे.’ ‘तिचे आईवडील आले नाहीत म्हणे.’ या अव्ययाने बोलणारा दोन गोष्टी एका दमात साधतो. माहिती देतो आणि माहितीची जबाबदारी टाळतो. शिवाय स्वर किंचित बदलला की त्यात अविश्वास मिसळतो, आणखी बदलला की उपहास. इंग्रजीला असे आटोपशीर अव्यय नाही. मॅकार्थीला ते काम उद्गारचिन्हांनी, शाळकरी बोलीतील शब्दांनी आणि वाक्याच्या मध्येच टाकलेल्या पुरवण्यांनी करावे लागते. परंतु पहिल्या प्रकरणातील हॅरल्डविषयीचे बहुतेक सारे ज्ञान ‘म्हणे’च्या कोटीतले आहे, हे कोणाही दक्ष वाचकाच्या ध्यानात येईल. के हिने जे जे सांगितले ते ते गटाने जपून ठेवले आहे आणि चर्चच्या बाकावर बसून तो ऐवज तपासला जात आहे. मैत्रिणीचे बोलणे जेव्हा ‘ती सांगत होती’ या कोटीतून निघून ‘ती म्हणे’ या कोटीत जाते, तेव्हा मैत्रीचे काय होते? भांडण होत नाही. फक्त विश्वासाचे क्रियापद बदलते.

पुढील प्रकरणांत हेच सूत्र चालू राहते. डॉटी, प्रिस, लिबी, हेलेना, पॉली यांच्या कथा क्रमाने येतात, परंतु के हिचा संसार मात्र बराचसा इतरांच्या नजरेतून, ऐकीव वार्तांतून, एखाद्या मेजवानीच्या ओझरत्या दर्शनातून कळत जातो. तिला तिचा नवरा मनोरुग्णालयात दाखल करतो, तेव्हा ही रीत एकदम तुटते. पॉली त्या रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून काम करीत असते, आणि के तिच्यासमोर रुग्ण म्हणून येते. तेथे ‘म्हणे’ला वाव नाही. समोरासमोर, डोळ्यांनी पाहिलेले सत्य आहे. माझ्या समजुतीप्रमाणे संपूर्ण कादंबरीत मैत्री या शब्दाला पात्र ठरेल असा व्यवहार येथे प्रथम घडतो, आणि तो गटात घडत नसून दोघींत घडतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. मराठीत याला ‘आपण दोघी’ असे म्हणावे लागेल. द्विवचन संस्कृताबरोबर गेले. परंतु त्याची गरज गेली नाही.

कादंबरीवरील टीकेचा येथे परामर्श घेतला पाहिजे. 1963 मध्येच ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये नॉर्मन मेलर याने तिच्यावर जो हल्ला चढविला, त्याचा गाभा असा की लेखिका वस्त्रे, भांडी, खाद्यपदार्थ अशा बायकी तपशिलांत बुडाली असून तिची दृष्टी क्षुद्र झाली आहे. हा आक्षेप मला मान्य नाही. वर दाखविल्याप्रमाणे तपशील ही या गटाची ज्ञानेंद्रिये आहेत. त्या आठजणींना हॅरल्डविषयी जे कळते ते विचारसरणीच्या चर्चेतून कळत नाही, पोशाखातून आणि चालीरीतींतून कळते. आणि त्यांना आलेली शंका पुढे खरी ठरते. जे ज्ञान खरे ठरते त्याला केवळ बायकी म्हणून क्षुद्र कसे म्हणावे? आपल्याकडेही हा प्रकार अपरिचित नाही. के हिचे लग्न ज्या वर्षी झाले त्याच 1933 साली विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या आणि लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातील कोंडमारा त्यात होता. त्यावर माजलेल्या वादात हे लिहिणारी कोण, याचाच शोध अधिक घेतला गेला. कसे लिहिले आहे, याची चौकशी त्या मानाने थोडी झाली. मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाचा आश्रय घ्यावा लागला तो उगाच नव्हे. दोन्ही पुस्तकांत पुष्कळ अंतर आहे आणि त्यांची तुलना फार ताणू नये, हे मला मान्य आहे. व्हॅसरच्या मुलींपुढे लग्न होईल की नाही हा प्रश्न नव्हता, शिरूरकरांच्या नायिकांपुढे तोच होता. परंतु शिक्षणाने एकत्र आणलेल्या स्त्रियांना विवाह पुन्हा एकेकट्या करून टाकतो, ही जाणीव दोहोंत समान आहे.

मेलरपेक्षा मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी टीका, आणि ती टीका मैत्रिणीची आहे. एलिझाबेथ हार्डविक ही मॅकार्थीची निकटची स्नेही. तिने त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी, टोपणनावाने ‘द गँग’ नावाचे विडंबन लिहिले. विडंबनाचा विषय होता नेमका तो सामुदायिक, चिवचिवाटी स्वर, ज्याच्याविषयी मी येथे इतके लिहीत आहे. स्त्रियांच्या मैत्रीतील द्रोहावर लिहिलेल्या कादंबरीचे स्वागत असे व्हावे, यातील योगायोग कोणाही कादंबरीकाराला सुचला नसता. परंतु व्यक्तिगत भाग बाजूला ठेवला तरी हार्डविकचा वार वर्मी बसतो, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या प्रकरणात जो सामुदायिक स्वर अर्थपूर्ण आहे, तोच पुढे लिबीच्या प्रकरणात आणि प्रिसच्या प्रकरणातही फारसा न बदलता येतो. आवाज वेगळे व्हावयास हवे होते. ते पुरेसे होत नाहीत. लेखिकेचा स्वतःचा तीक्ष्ण, काहीसा निर्दय स्वर प्रत्येकीच्या आवाजाखाली ऐकू येत राहतो. मुक्त परोक्ष कथनात निवेदकाने पात्राला आपली वाणी उसनी द्यावयाची असते. येथे पुष्कळदा पात्रच निवेदकाला आपले तोंड उसने देते. 1966 मध्ये सिडनी ल्युमेट याने या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा ही अडचण आपोआप दूर झाली, कारण आठ नटींचे आठ आवाज निराळे होतेच. पण त्याबरोबर तो सामुदायिक स्वरही गेला आणि उरली ती केवळ कथा.

एका पात्राला मात्र हा दोष लागू नाही. लेकी ही गटातील एक संपन्न, सुंदर आणि मितभाषी तरुणी. तिच्या मनात कादंबरी जवळजवळ शिरतच नाही. विवाहाच्या प्रसंगी ती उपस्थित असते. त्यानंतर ती युरोपला जाते आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत परत येत नाही. काही समीक्षकांना ही रचनेतील उणीव वाटते. मला ती वाटत नाही. गटाचा ‘आपण’ ज्या आठजणींचा होता, त्यांतील एकीचा आवाज आरंभापासून त्यात नव्हता, हे आपल्याला फार उशिरा कळते, आणि ते उशिरा कळणे आवश्यक आहे. 1940 मध्ये महायुद्धामुळे ती परतते ती एका स्त्रीसमवेत, आणि त्या दोघींचे नाते गटाला तेव्हा उमगते. इतकी वर्षे जिच्या मताला गट भीत होता, ती आपल्यातली होती की नव्हती? येथे तर ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची सीमा आठही जणींना नव्याने आखावी लागते. पण के उरत नाही. ती खिडकीतून पडली, आकाशातील विमाने न्याहाळताना तोल गेला म्हणून, किंवा अन्य कारणाने. कादंबरी निश्चित सांगत नाही. मृत्यूचे कारणसुद्धा अखेर ‘म्हणे’वरच राहते.

अंत्यविधीची तयारी मैत्रिणी करतात. विवाहाच्या वेळी त्यांना जे काम नव्हते ते आता मिळाले आहे. तिला काय नेसवावयाचे, कोणी नेसवावयाचे, याचा विचार त्या तितक्याच बारकाईने करतात, जितक्या बारकाईने सात वर्षांपूर्वी तिच्या टोपीचे परीक्षण केले होते. तीच नजर आहे आणि तेच तपशील आहेत. परंतु या वेळी वाक्यांतील टोचणी गेलेली आहे, कारण बाहेर उभी राहून ऐकणारी कोणी उरलेली नाही. त्यानंतर हॅरल्ड लेकीच्या गाडीत बसतो आणि के आणि लेकी यांच्यात काय होते, हे तिच्याकडून काढू पाहतो. लेकी त्याला सरळ उत्तर देत नाही. त्याला जे समजावयाचे ते समजू देते. तो संतापून उतरून जातो. गटाच्या गुपितावर बाहेरच्याचा हक्क नाही, एवढेच त्या मौनातून कळते, आणि ज्या स्त्रीने गटाशी कधी ‘आपण’ केले नाही तीच शेवटी ते गुपित राखते.

त्या तासाच्या अखेरीस माझ्या विद्यार्थिनीने पहिल्या परिच्छेदात ‘आम्हांला’ लिहिले. पुढे शेवटच्या प्रकरणाचा अनुवाद करताना तिने ‘आपल्यातली पहिली गेली’ असे लिहिले, मग ते खोडून ‘आमच्यातली’ केले, आणि मग तेही खोडले. तिच्या वहीत त्या जागी अजून कोरी रेघ आहे.